शेजारच्या मुलीचं इंग्रजी

शाळा सोडली तेव्हा मी नवऱ्याला ठणकावून सांगितलं होतं, की आता यापुढे कुणाच्याही पोराची इंग्रजीची वही मी हातात धरणार नाही. इथे आखातात, वादी कबीरच्या शाळेत इतकी वर्षं उभं राहून कमरेची पार वाट लागली होती. डॉक्टरने सक्तीची विश्रांती सांगितली आणि मी ती मनापासून घेत होते. सकाळी नवरा ऑफिसला गेला की दुसरा चहा, मग आईला फोन, मग भाजी निवडत मालिका. अल् घुब्राच्या त्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदाच मला दुपार कशी असते ते कळत होतं.

तर अशाच एका दुपारी दारावरची बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधली चिनी बाई. येता-जाता मान हलवण्यापुरतीच आमची ओळख. हातात संत्र्यांची पिशवी, मागे एक उंच, सडपातळ मुलगी, नजर फरशीवर. बाई म्हणाली, "टीचर, तुम बडा स्कूल का टीचर, मेरे को मालूम. मेरा लडकी को इंग्लिश सिखाओ."

मी बघतच राहिले. चिनी बाईच्या तोंडून हिंदी! मग उलगडा झाला. वादी कबीरला वर्कशॉपच्या गल्लीत तिचं दिव्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक म्हणजे पाकिस्तानी इलेक्ट्रिशियन, मल्याळी ठेकेदार आणि आपली कोकणातली माणसं. त्यांच्याशी घासाघीस करता करता तिने एक हिंदी कमावली होती. त्या हिंदीत सगळं जग पुल्लिंगी होतं आणि मधूनमधून यल्ला, खलास असं अरबीही येत होतं. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला चिनी येत नव्हतं आणि मुलीला हिंदी येत नव्हती. म्हणजे पुढे आमचं तिघींचं जे काही चालणार होतं ते सगळं माझ्या डोक्यावर.

मी नाही म्हणायच्या तयारीत होते. कमरेचं कारण जिभेवर होतं. पण तिने दारातच उभं राहून सगळं सांगून टाकलं. मुलगी अगदी लहान, नुकती चालायला लागलेली असताना तिला चीनमध्ये आजीजवळ ठेवून नवरा-बायको इकडे आले. नवरा सलालाहला बंदरात कामाला, ही इकडे दुकानात. गेल्या वर्षी रडून-भांडून तिने मुलीला आणून घेतलं. पण इथे चिनी शाळा नाही. एका इंटरनॅशनल शाळेत सातवीची जागा होती, मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीआधी इंग्रजीची लेखी परीक्षा आणि तोंडी मुलाखत. नवऱ्याने निकाल आधीच लावून ठेवला होता. पास झाली तर राहील, नाही तर परत आजीकडे, आणि मग शाळा संपेपर्यंत तिकडेच.

"इधर फेल, तो चायना," बाई म्हणाली. "फिर मेरा लडकी बडा हो जाएगा. मैं नहीं देखा."

यावर कमरेचं कारण कसं सांगणार? म्हटलं, उद्या चारला पाठवा.

पहिल्या दिवशी मुलगी ताठ बसली, दोन्ही हात मांडीवर. मी व्याकरणाचा एक कागद दिला, गाळलेल्या जागा भरा. तिने तो भराभर सोडवला आणि एकही चूक नाही. काळांची नावं तर तिला माझ्याआधी आठवत होती. मी मनात म्हटलं, अरे वा, हिला मी काय शिकवणार? मग सहज विचारलं, काल काय केलंस? आणि गाडी रुळावरून घसरली. काल मी दुकानात जाते, तिथे आई आहे, तो खूप कामात आहे. आईला 'तो'! मी हसले, तशी ती लाल झाली आणि नजर पुन्हा फरशीवर.

मला वाईट वाटलं. नंतर नीट चौकशी केली तेव्हा कळलं की तिच्या भाषेत बोलताना 'तो' आणि 'ती' एकसारखेच वाजतात, आणि 'काल' एकदा म्हटलं की काम झालं, क्रियापदाला शेपूट लावायची गरज नाही. हे काही वाईट नाही, उलट शहाणपणाचंच आहे. मी तिला सांगितलं की माझ्या भाषेत खुर्ची बाई आहे, पंखा बुवा आहे आणि टेबल दोन्ही नाही. तिने खुर्चीकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं आणि विचारलं, हे कुणी ठरवलं? मला सांगता येईना. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

व्याकरण हळूहळू रुळावर आलं. खरा डोक्याला ताप होता तो वाचनाचा. उतारा समोर ठेवला की ती पेन्सिल काढायची, फोन काढायची, आणि एकेका शब्दावर बारीक चिनी अक्षरं लिहीत सुटायची. पानावर मुंगीला पाय ठेवायला जागा राहायची नाही. मी पेन्सिल काढून घेतली, तर डोळ्यांत पाणी. फोन काढून घेतला, तर हात कुठे ठेवावेत ते कळेना. मग माझ्या लक्षात आलं की ती आधी प्रश्न वाचते, प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात शोधते आणि ती ओळ जशीच्या तशी उचलते. मार्क पैकीच्या पैकी. गोष्ट कशाबद्दल आहे विचारलं तर पाटी कोरी! ही युक्ती मला अनोळखी नव्हती. आपण तरी काय केलं? गाइड, अपेक्षित प्रश्नसंच आणि घोकंपट्टी यावरच तर आपली अर्धी पिढी पदवीधर झाली. तिच्या देशात आणि माझ्या देशात याबाबतीत डावं-उजवं करण्यासारखं काही नव्हतं.

पण त्या शाळेचे नमुन्याचे पेपर वेगळे होते. त्यांत उचलायला ओळच नसायची. एका उताऱ्यात एक म्हातारी होती. एकटी राहते, रोज संध्याकाळी चहा करते आणि दोन कप मांडते. प्रश्न, तिला काय वाटत असेल? मुलीने उतारा वरून खाली, खालून वर चाळला आणि म्हणाली, टीचर, हे लिहिलेलं नाही. मी म्हटलं, लिहिलेलं नाहीच, तरी आहे. ती म्हणाली, लिहिलेलं नाही तर बरोबर उत्तर कोणतं ते कोण सांगणार? मी म्हटलं, तू सांगणार. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच अभ्यास करून आले नव्हते.

आठवडाभर हेच. माझा पारा चढायचा, ती गप्प व्हायची. आणि ती गप्प झाली की मला आणखी राग यायचा. कळलं नाही तर कळलं नाही म्हण ना बाई! पण नाही. मान मात्र हलवणार, कळलं कळलं. मी शिकवलेलं तिला कळलं नाही असं म्हणणं म्हणजे माझा अपमान, असं तिच्या शाळेत तिच्या अंगी भिनलं होतं. हे तिने मला फार नंतर सांगितलं.

शेवटी एक दिवस मी वैतागून पुस्तक मिटलं आणि तिला बाल्कनीत घेऊन गेले. संध्याकाळची वेळ, खाली पार्किंगमध्ये ऑफिसवाले परतत होते. म्हटलं, आता हे वाच. माणसं बघ आणि मला सांग. इथे फोन नाही, डिक्शनरी नाही. ती कठड्याला टेकून बराच वेळ खाली बघत राहिली. मग एका पांढऱ्या गाडीकडे बोट दाखवलं. गाडी बंद झाली आहे, पण माणूस उतरत नाही. का? तिने विचार केला आणि हळू म्हणाली, त्याला घर आवडतं, पण घरी गेलं की बोलावं लागतं, म्हणून तो थोडा वेळ एकटा बसतो.

तो माझा नवरा होता.

घरात आल्या आल्या मी त्याला धरलं. आधी त्याने उडवाउडवी केली, मग कबूल केलं की रोज पाच-दहा मिनिटं तो खाली गाडीतच बसतो. इतकी वर्षं संसार करून मला पत्ता नाही, आणि या पोरीने चौथ्या मजल्यावरून ओळखलं! मी हसून हसून बेजार झाले, पण मनातून चरकलेही. त्या दिवसानंतर आमचा रोजचा पहिला अर्धा तास बाल्कनीत जायला लागला. तिथून आत आलं की उताऱ्यातली माणसंही तिला थोडी दिसायला लागली. दोन कपवाल्या म्हातारीचं उत्तरही तिने एकदा आपणहून लिहून दाखवलं. वाक्यं मोडकीतोडकी, पण म्हातारी बरोबर पकडली होती.

एवढं सगळं झाल्यावर मी काय करावं? मुलाखतीची तारीख आली आणि माझाच धीर सुटला. मुलाखतीत म्हणे घरातल्या एखाद्या माणसाबद्दल बोलायला सांगतात. पोरगी अडखळली तर? 'तो' आणि 'ती'चा घोळ घातला तर? तिचं जाणं-राहणं माझ्या शिकवण्यावर टांगलेलं, ही गोष्ट मला झोपू देईना. मग मी तेच केलं जे आपण सगळे घाबरलो की करतो. एक सुंदर, शुद्ध उत्तर लिहून दिलं, 'माझी आई', आणि म्हटलं, पाठ कर.

दुसऱ्या दिवशी ती चोख पाठ करून आली. एक स्वल्पविराम चुकला नाही. माझी आई कष्टाळू आहे, ती पहाटे उठते, आमच्यासाठी तांदळाची भाकरी करते. मी म्हटलं, थांब, थांब. लिहिण्याच्या भरात मी महाडची माझी आईच उतरवून दिली होती! अगं बाळा, म्हटलं, तुझी आई कधी भाकरी थापते? ती शांतपणे म्हणाली, टीचरने लिहिलं आहे म्हणजे बरोबर असेल. भाकरी म्हणजे काय हे तिने विचारलंदेखील नव्हतं. मी भाकरी खोडून तिथे नूडल्स घातल्या, आणि तिने तेही तितक्याच इमानाने पाठ केलं.

ते उत्तर मग ती घरी रोज म्हणायची, आई स्वयंपाक करत असताना. आईला अर्थ कळत नव्हता, पण चाल कळत होती. कुठे आवाज चढतो, कुठे थांबायचं, सगळं. एकदा लिफ्टमध्ये आईने मला ते स्वतः म्हणून दाखवलं, शब्द नाहीत, नुसते आवाज. फार खूश होती. पण त्याच लिफ्टमध्ये तिने दुसरंही सांगितलं. "टीचर, मेरा लडकी मेरे को कुछ मांगता नहीं. फ्रिज खोलता, तो पूछता. मेहमान है." तिला माझ्याकडून काहीतरी ऐकायचं होतं. मी म्हटलं, वेळ लागेल, इन्शाल्ला सगळं ठीक होईल. दुसरं काय म्हणणार?

मुलाखतीच्या दिवशी तिने दुकान बंद ठेवलं. मला सोबत न्यायचंच होतं, म्हणजे शाळेतले लोक काय म्हणतात ते तिला कळेल. लेखी पेपर मुलीला बरा गेला. मग एका खोलीत दोन शिक्षिका टेबलामागे, समोर मुलगी, आणि मागे भिंतीलगतच्या सोफ्यावर आम्ही दोघी. नाव-गाव झालं. मग त्यांतली वयस्कर बाई म्हणाली, तुझ्या घरातल्या कुणाबद्दल तरी सांग. माझा जीव भांड्यात पडला.

मुलीने सुरू केलं. माझी आई कष्टाळू आहे. माझ्या शेजारी आईचे ओठ हलायला लागले, मुलीच्या बरोबरीने. ती पहाटे उठते. आणि मुलगी थांबली. आईचे ओठ पुढचं वाक्य अर्धं म्हणून गेले आणि मग तेही थांबले. मी मनातल्या मनात ओरडत होते, नूडल्स, नूडल्स!

मुलगी त्या बाईंना म्हणाली, "हे उत्तर माझ्या टीचरचं आहे. मी माझं सांगू?"

त्या म्हणाल्या, सांग.

मग ती बोलली. इंग्रजी मोडकं होतं, मध्येमध्ये शब्द शोधत होती, पण फोनशिवाय, पेन्सिलशिवाय. "मी आजीकडे होते. आई रोज व्हिडिओवर फोन करायची, तिच्या जेवणाच्या वेळी. ती उभी असायची. मागे दिव्यांचे खोके. रोज उभ्यानेच जेवायची, लवकर लवकर. मी इथे आले, तर इथे टेबल आहे, खुर्च्या आहेत. आता ती बसते. मी परत गेले तर ती पुन्हा उभी राहील."

दुसऱ्या बाईने विचारलं, आणि तुला स्वतःला काय हवं आहे? मुलीने थोडा विचार केला. "आजीची आठवण येते. पण आजीकडे जेवायला काका आहेत, काकू आहेत. माझ्या आईकडे मी आहे."

मला समोरचं दिसेनासं झालं. मी पर्समध्ये रुमाल शोधत बसले. आणि आई माझा दंड घट्ट धरून बसली होती, कारण तिला एवढंच कळलं होतं की पोरीने पाठ केलेलं सोडून दिलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये ती फुटलीच. "वो नहीं बोला! रोज बोला, आज नहीं बोला! क्यों?" मुलीवर ती चिनीत काहीतरी ओरडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "खलास. ये गया." मी तोंड उघडणार, तेवढ्यात मुलीने माझी ओढणी ओढली आणि इंग्रजीत हळूच म्हणाली, टीचर, मी काय बोलले ते आईला सांगू नका. आता काय करायचं? म्हटलं, बसा, निकाल येऊ द्या. आम्ही तिघी बाकावर बसलो, मी मध्ये. फार वाईट अर्धा तास होता तो.

मग मला आत बोलावलं. मुलीला घेत होते. एक इयत्ता खाली, सहावीत, आणि वर्षभर इंग्रजीचा जादा तास. वयस्कर बाई निघताना मला म्हणाल्या की हिला वाचता येतं, बाकीचं आम्ही शिकवू. मी बाहेर येऊन आईला सांगितलं, पास, इधर ही रहेगा. मीही तिच्यासारखंच बोलायला लागले होते. तिने दोनदा विचारून खात्री केली. मग सलालाहला फोन लावला आणि मोठमोठ्याने बोलली, भांडण जिंकल्यासारखं.

पार्किंगमध्ये मुलगी आधी जाऊन गाडीत मागे बसली. आईने दार लावलं आणि मला बाजूला घेतलं. "टीचर, सच बोलो. अंदर क्या बोला?"

मी काचेतून मुलीकडे पाहिलं. तिने मान फिरवली. सांगू नका म्हणाली होती, ऐकायला हवं होतं मी. पण मला राहवलं नाही. एवढं मोठं त्या पोरीने कमावून आणलं, आणि जिच्यासाठी आणलं तिलाच पत्ता नाही, हे मला सहन होईना. मी सांगितलं. माझ्या मोडक्या हिंदीत, तिच्या मोडक्या हिंदीत. की फोन में मम्मी रोज खडा होके खाना खाता था. मैं आया, तो मम्मी बैठता है. मैं गया, तो मम्मी फिर खडा हो जाएगा.

तिचा चेहरा एकदम रिकामा झाला. मला वाटलं कळलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगायला लागले, तर तिने हात वर करून मला थांबवलं.

"टीचर," ती म्हणाली, "फोन में खाली दीवार आता था. मेरा लडकी फोन रखके भाग जाता था, खेलने को. दादी चिल्लाता था, वो नहीं आता था. मैं खाना खाया, दीवार से बात किया. रोज." घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. "वो देखता था?"

त्या दोघींची भाषा एक होती. तरी हे चिनीतून इंग्रजीत, इंग्रजीतून माझ्यात आणि माझ्यातून या हिंदीत असं फिरून तिच्यापर्यंत आलं होतं. आता पुढचं मी करणार नव्हते. मी म्हटलं, "मेरे को मत पूछो. उसको पूछो."

ती गाडीकडे गेली. चालवायची तिलाच होती, किल्ली तिच्याच हातात होती. पण तिने मागचं दार उघडलं, मुलीने सरकून जागा केली, आणि ती आत बसली. दार लागलं. ऊन मरणाचं होतं, सावलीला एक झाड नव्हतं आणि माझी कमर बोंबलत होती. मी गाडीकडे पाठ करून तिथेच थांबले.